पाठ आणि ओझें

परवां आमच्याकडे नांदेडचे एक तरुण स्नेही आले होते. चार दिवसांची सवड मिळाली कीं वनखात्याची परवानगी काढावयाची आणि किनवट-माहूरकडच्या सागवानी रानांत जाऊन राहावयाचें, हा त्यांचा छंद. त्यांचे आजोबा त्याच रानांत बंदूक घेऊन हिंडत असत. नातवाच्या हातीं मात्र दुर्बीण आणि कॅमेरा आहे. कारण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाल्यापासून आजोबांचा तो शोक गुन्ह्यांत जमा झाला आहे. बाकी सर्व प्रकार तोच: पहाटेचें चालणें, पाणवठ्याशीं तासन्‌तास निश्चल बसणें, माग काढणें आणि विंचवाप्रमाणें आपलें बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणें.

इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यांनीं विचारलें, "काका, टिकाऊ आणि पाठीला सुखाची अशी एखादी पिशवी सांगा. दुकानांत गेलें कीं पन्नास प्रकार समोर येतात. तंबू, भांडीं वगैरे जड सामान तांड्यावरचा एक गडी उचलतो. माझ्यापुरतीच हवी आहे."

इतिहासाच्या विद्यार्थ्यास हा प्रश्न विचारणें म्हणजे वैद्यास पंचांग विचारण्यासारखें आहे, असें म्हणून आम्ही तेव्हां हंसण्यावारी नेलें. परंतु ते गेल्यावर प्रश्न मनांतून जाईना. आपल्या भाषेंत ओझ्याच्या साधनांना शब्दांची कांहीं वाण नाहीं. झोळी आहे, पडशी आहे, बोचकें, गांठोडें, वळकटी आहे. घोड्याचा तोबरा आहे, बैलाची कंठाळ आहे, पाणक्याची पखाल आहे, खांद्यावरची कावड आहे. पण माणसानें दोन्ही खांद्यांत पट्टे अडकवून पाठीवर घ्यावयाच्या आणि दिवसच्या दिवस रानांत वागवावयाच्या पिशवीला घरचा शब्द नाहीं. आपण 'सॅक' म्हणतों, नाहीं तर फौजी हिंदींतला 'पिठ्ठू' उसना घेतों. ज्या मुलखानें शतकानुशतकें ओझीं वाहिलीं, त्या मुलखाच्या भाषेंत एवढी एक जागा रिकामी कां राहावी? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें तर नांदेड-लातूरच्या इतिहासाचें एक पान उलगडतें.

मराठवाड्याचा हा भाग म्हणजे बालाघाटचें पठार आणि गोदावरी व त्याच्या अंगाखांद्यावरून उतरणाऱ्या मांजरा, मन्याड ह्या नद्यांची खोरीं. जमीन काळी, खोल आणि पहिल्या मोठ्या पावसाबरोबर चिखल होणारी. पक्क्या सडका होण्यापूर्वीं ह्या मातींत गाडीचें चाक रुतलें म्हणजे रुतलें. त्यामुळें लांब पल्ल्याचा माल गाडीवर न जातां पाठीवर जात असे आणि ती पाठ बैलाची असे. बैलाच्या पाठीवर धान्य भरून घालावयाचें साधन म्हणजे गोणी. हा शब्द किती जुना म्हणावा? पाणिनीच्या सूत्रांत तो धान्य भरण्याचें साधन ह्याच अर्थीं येतो. पुढें युरोपचे व्यापारी आपल्या बंदरांत आले, तेव्हां त्यांनीं मालाबरोबर शब्दही उचलला आणि इंग्रजींत गोणीची 'गनी' झाली.

ह्या गोणीचे धनी म्हणजे लमाण, ज्यांस बंजारा असेंही म्हणतात. लवण म्हणजे मीठ वाहणारे ते लमाण, अशी त्यांच्या नांवाची एक व्युत्पत्ति सांगतात. मराठवाड्यांतील वंजारी ही जात आज निराळी गणली जाते; येथें आम्ही बोलत आहों तें तांडा करून राहणाऱ्या, नायकाच्या हुकमांत चालणाऱ्या लमाणांविषयीं. नांदेड जिल्ह्यांतील किनवट, माहूर, मुखेड ह्या भागांत त्यांचे तांडे आजही दाट आहेत. आज तांडा म्हणजे स्थायिक वस्ती. पूर्वीं तांडा म्हणजे चालता व्यापार.

तो केवढा होता ह्याची कल्पना परकीय प्रवाशांच्या लिहिण्यावरून येते. इंग्रज प्रवासी पीटर मंडी ह्यास १६३२ सालीं उत्तरेंत एक तांडा भेटला. त्यांत १४,००० बैल होते आणि सगळे धान्यानें लादलेले. त्याच शतकांत हिंदुस्थानांत अनेक वेळां येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये हा दहा-बारा हजार बैलांच्या काफिल्यांचें वर्णन करतो आणि एका बैलावर तीनशें ते साडेतीनशें पौंड ओझें असे, असें सांगतो. अरुंद वाटेवर असा काफिला समोरून आला तर प्रवाशाला दोन-दोन तीन-तीन दिवस थांबावें लागे. एकोणिसाव्या शतकांतही ही वाहतूक चालू होती. वऱ्हाडचा कापूस तेव्हां बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकांठच्या मिर्झापुरास जात असे. १८२५-२६ सालीं विकाजी आणि पेस्तनजी ह्या पारशी व्यापाऱ्यांनीं तो प्रथमच मुंबईकडे पाठविला. त्या वेळीं ५०० बैलांवर सुमारें १,२०,००० पौंड कापूस लादला होता. म्हणजे दर बैलीं २४० पौंड. कापूस हलका पण फुगीर; म्हणून धान्यापेक्षां बैलावर तो वजनानें कमी बसे.

आतां ह्या गोणीची रचना पाहिली पाहिजे, कारण आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर तिच्यांतच आहे. तागाच्या किंवा अंबाडीच्या जाड सुताचें हें विणकाम असे. मध्यप्रांताकडे कित्येक लमाण स्वतः ताग पिकवून त्याचें तरट विणीत असत. गोणीचें ओझें दोन बाजूंस सारखें वांटलेलें असे. मध्यभाग कण्यावर आडवा पडे आणि दोन पोटें बरगड्यांच्या दोन अंगांस लोंबत. पण लमाण कण्यावर कधीं नुसती गोणी टाकीत नसे. खालीं जुन्या कापडाची किंवा लोकरीची गादी हवी, आणि ती अशी कीं वजन कण्याच्या हाडावर न बसतां दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर बसेल. कारण लदनीच्या बैलाचा शत्रु वाघ नव्हे, तर पाठीला पडणारी जखम. एकदां पाठ सोलवटली कीं तो बैल महिना महिना कामांतून जातो आणि तांडा तर थांबूं शकत नाहीं. 'खोगीरभरती' हा शब्द आपण आज निरुपयोगी भरण्याला वापरतों. ज्यांनीं कधीं खोगीर घातलें नाहीं अशा लोकांनींच त्याला तो अर्थ दिला असावा. खोगिराच्या आंत जी भरती असते, तिच्यावरच जनावराचा जीव अवलंबून असतो.

मुक्कामावर गोण्या उतरल्या म्हणजे त्यांची थप्पी लावीत आणि ती थप्पी म्हणजेच तांड्याची भिंत होई. तिच्या आडोशाला बायकामुलें, भोंवतीं बैल आणि राखणीला कुत्रीं. लातूर जिल्ह्यांत आजही पश्मी आणि कारवानी जातीचीं शिकारी कुत्रीं हौसेनें पाळतात. त्यांतलें कारवानी हें नांवच कारवां ह्या शब्दाशीं नातें सांगतें. बैलांच्या बाबतींतही हा मुलूख पहिल्यापासून नांवाजलेला. नांदेडकडील लाल कंधारी आणि लातूरकडील देवणी हीं गोवंशाचीं दोन नांवें कंधार आणि देवणी ह्या गांवांवरूनच पडलीं आहेत. लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या जत्रेंत मार्गशीर्षांत आजही घोडीं, गाढवें, उंट आणि बैल ह्यांचा बाजार भरतो. तेथें जनावर पाहणारा जाणता शेतकरी दांत पाहिल्यावर लगेच पाठीवरून हात फिरवितो. ती संवय कोठून आली, हें सांगावयास नको.

लमाणांच्या एका रीतीचा उल्लेख येथें केल्यावांचून राहवत नाहीं. हजारों बैलांच्या तांड्यांत एक बैल देवाला सोडलेला असे. त्याच्या शिंगांना तांबडे गोंडे, गळ्यांत घुंगुर आणि कवड्यांची माळ. तो पुढें चाले. तो बसला कीं तांड्यानें तेथेंच मुक्काम करावयाचा. माणूस आजारी पडलें तर त्याच्या पायांवर डोकें ठेवावयाचें. आणि ह्या बैलाच्या पाठीवर ओझें म्हणून कधीं घालावयाचें नाहीं. ज्यांचें सारें आयुष्य ओझ्यावर चाललें होतें, त्यांनीं देवपण दिलें तें ज्याच्या पाठीवर कांहीं नाहीं अशा प्राण्याला!

ह्या गोण्यांवर राज्यें तरलीं आणि बुडालीं. शहाजहानच्या काळीं, १६३० च्या सुमारास, वजीर असफखानाच्या फौजेबरोबर भंगी आणि जंगी ह्या दोन नायकांचे एक लक्ष ऐंशी हजार बैल दक्षिणेंत उतरले, अशी परंपरा सांगतात. त्या नायकांस ताम्रपट मिळाला होता. वाटेंतील घरचें पाणी आणि छपराचें गवत तांड्यासाठीं घ्यावें, दिवसाला तीन खून माफ, आणि खानाचे घोडे जेथें जातील तेथें ह्या नायकांचे बैल जातील, अशी त्याची समजूत. आंकड्यांत परंपरेची अतिशयोक्ति असेल. पण बादशाही फौजेला घोड्याइतकीच बैलाची गरज होती, ह्यांत अतिशयोक्ति नाहीं. म्हैसूरच्या टिपूवर चालून गेलेला कॉर्नवॉलिस १७९१ च्या मे महिन्यांत श्रीरंगपट्टणच्या वेशीवरून परत फिरला, तो धान्य आणि बैल संपले म्हणून. आपल्या मोठ्या तोफाही त्याला तेथेंच निकामी करून टाकाव्या लागल्या. १८०३ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांतल्याच असईच्या रणांगणावर वेलस्ली जिंकला. त्याचीं त्या स्वारींतलीं पत्रें पाहिलीं तर शत्रूच्या तोफांइतकीच चिंता त्याला बैलांची आणि लमाणांची दिसते.

आणि उदगीर? लातूर जिल्ह्यांतील ह्या गांवाचें नांव प्रत्येक मराठी मुलाला शाळेंत भेटतें. १७६० च्या फेब्रुवारींत सदाशिवरावभाऊंनीं निजामाची फौज उदगीर-औशाच्या टापूंत चोहोंकडून कोंडली, तिची रसद तोडली आणि साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख मिळविला. पुढच्याच महिन्यांत परतूरहून तीच फौज उत्तरेस निघाली. बरोबर यात्रेकरू निघाले, बायकामुलें निघालीं, जड तोफा निघाल्या, व्यापारी आणि बाजारबुणगे निघाले. उदगिरास जें शत्रूचें झालें, तें पानिपतावर आपलें झालें. अब्दालीनें वाटा रोखल्या, रसद पोंचविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेले आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं उपाशी फौजेला लढाई द्यावी लागली. पानिपताचीं कारणें अनेक आहेत आणि पंडितांनीं त्यांचा पुष्कळ खल केला आहे. परंतु किती ओझें बरोबर घ्यावें आणि तें कोणाच्या पाठीवर द्यावें, ह्या घरगुती प्रश्नाचें चुकलेलें उत्तर त्यांत नाहीं, असें कोण म्हणेल?

येथवर बैलाची गोष्ट झाली. आतां शिकाऱ्याकडे वळूं.

ह्या मुलखांतले जातिवंत शिकारी म्हणजे फासेपारधी. माळावरच्या काळविटासाठीं ते तातीचे फासे वापरीत. एका लांब दोरीला ओळीनें फासे बांधलेले, जमिनींत मेखा ठोकून ही ओळ हरणांच्या वाटेवर लावावयाची आणि दुसऱ्या बाजूनें कळप हळूहळू तिकडे लोटावयाचा. तित्तिर-लाव्यांसाठीं केसांचे बारीक फासे निराळे. पारध्याजवळ शिकविलेला एक बैल असे. तो चरत चरत पुढें जाई आणि त्याच्या आड पारधी सरके. हरणांस बैलाचें भय वाटत नसल्यामुळें अंतर तुटे. हाच बैल मुक्काम हलविते वेळीं सामान वाही. पारध्याच्या सामानाकडे पाहिलें तर त्यांत अनावश्यक असें कांहींच नसे. सारें गुंडाळतां येणारें, न वाजणारें, हातानें दुरुस्त करतां येणारें. लोखंडाची खणखण नाहीं, चामड्याची करकर नाहीं. शिकारीच्या सामानाचा पहिला गुण नीरवपणा, हें त्याला कोणी पुस्तकांतून शिकविलें नव्हतें.

ह्याच्या उलट दुसरी शिकार, ती साहेबांची आणि जहागिरदारांची. निजामी अमदानींत बड्या अंमलदाराचा किंवा पाहुण्याचा शिकारी तळ रानांत पडावयाचा म्हणजे तंबू, खुर्च्या, पलंग, भांडीं, दारूगोळा, खाणेंपिणें, सर्व कांहीं आधीं जाऊन लागलेलें असे. बंदूकसुद्धां दुसऱ्याच्या खांद्यावर. मग ह्या शिकाऱ्याला पाठीवरच्या पिशवीची आवश्यकता ती कसली? तें सर्व सामान गांवोगांवच्या वेठीच्या माणसांनीं वाहिलें. अंमलदाराचें ओझें गांवाच्या शिवेपासून पुढच्या गांवाच्या शिवेपर्यंत पोंचवावयाचें, हें काम महाराष्ट्रांत सर्वत्र परंपरेनें महारांच्या माथीं मारलेलें होतें. त्याला ना मोल ना नकार. १९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत महार वतनाच्या सुधारणेचें बिल आणलें, तें ह्याच जुलमी जोखडाविरुद्ध. निजामाच्या राज्यांत तर मुंबईसारखें कायदेमंडळही नव्हतें, आणि वेठीचा शब्द तेथल्या जुन्या माणसांच्या तोंडीं अजूनही कडूच येतो.

ह्या वेठकऱ्याच्या पाठीसाठीं कोणी गादी शिवली? कोणी पट्टे लावले? त्याला मिळाली ती चुंबळ, तीही स्वतःच्याच फाटक्या धोतराची. बैलाच्या पाठीला जखम होऊं नये म्हणून लमाणानें शंभर युक्त्या केल्या. कारण बैल त्याचा होता, त्यावर त्याचें पोट होतें. वेठीचा माणूस कोणाचाच नव्हता. तो पुढच्या शिवेवर बदलतां येत होता. पाठीवरच्या चांगल्या पिशवीला मराठींत शब्द कां नाहीं, ह्याचें आम्हांस सुचलेलें उत्तर हें. ज्यांच्यापाशीं सामान होतें त्यांनीं तें उचललें नाहीं, आणि ज्यांनीं उचललें त्यांच्या सोयीचा विचार करण्याचें कोणास कारण पडलें नाहीं.

हें उत्तर खरें कीं खोटें, हें पाहण्यास परदेशाचें एक उदाहरण उपयोगी पडतें. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या चौकटीच्या पिशवीचा एक जनक म्हणजे नॉर्वेचा ओले बर्गन. १९०८ सालीं तो सशांच्या शिकारीस गेला होता. पाठीवरचें ओझें बोचूं लागलें, खांदे भरून आले. तेव्हां त्यानें जुनिपरची एक फांदी पाठीच्या आकाराची वांकविली आणि ती पिशवीला बांधली, असें सांगतात. पुढें फांदीच्या जागीं पोलादी नळी आली आणि १९०९ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. ही युक्ति त्यालाच कां सुचली? तो दुसऱ्यांहून अधिक बुद्धिमान होता म्हणून नव्हे, तर ओझें त्याचें स्वतःचें होतें आणि पाठही त्याचीच होती म्हणून. ही युक्ति त्याच्याही फार पूर्वींची असावी. १९९१ सालीं आल्प्स पर्वतांत पांच हजार वर्षांहून जुना असा बर्फांत गोठलेला एक मनुष्य सांपडला. त्याच्याजवळ धनुष्य होतें, बाण होते आणि हेझलच्या वांकविलेल्या काठीची एक चौकट होती. ती पाठीवरच्या बोजाची असावी असें पुष्कळ संशोधक मानतात. १९५२ च्या सुमारास अमेरिकेंत डिक केल्टी ह्यानें ॲल्युमिनियमची हलकी चौकट केली आणि तिला कमरेचा पट्टा जोडून ओझें खांद्यांवरून कमरेवर उतरविलें. लमाणानें कण्यावरचें वजन दोन बाजूंच्या मांसावर उतरविलें होतें, तेंच हें.

इकडे आपल्याकडे गोणीचे दिवस भरत आले होते. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी गेली. १८५५ सालीं कलकत्त्याजवळ रिश्रा येथें तागाची पहिली गिरणी निघाली आणि यंत्रावरचें पोतें घरच्या गोणीच्या जागीं बसूं लागलें. विसाव्या शतकाच्या तोंडाशीं गोदावरीच्या खोऱ्यांतून मनमाड ते सिकंदराबाद लोहमार्ग झाला, तो नांदेडवरून गेला. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी लातुरास पोंचली. ती गाडी येतांच लातूरची पेठ वाढली, ह्याबद्दल लातूरकर तिचें कौतुक करतात आणि तें रास्त आहे. पण ज्या दिवशीं ती स्टेशनांत शिरली, त्या दिवशीं किती तांड्यांच्या गोण्या कायमच्या उतरल्या, ह्याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं. चालता व्यापार बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या जाळ्यांत फिरत्या जमातींमागून जमाती ओढल्या गेल्या, आणि पारधी तर जन्मतःच चोर ठरविले गेले. ज्यांच्या इमानावर बादशाही लष्करें जेवलीं, त्या लमाणांसही कित्येक ठिकाणीं पोलिसांच्या हजेऱ्या द्याव्या लागल्या. तो कलंक कायद्यानें पुसला जाण्यास १९५२ चा ३१ ऑगस्ट उजाडावा लागला. पुढें १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचें मुख्यमंत्रिपद भूषविणारे वसंतराव नाईक ह्याच समाजांतले, हें येथें अभिमानानें सांगितलें पाहिजे. तथापि एका घराचा उत्कर्ष म्हणजे सगळ्या तांड्याचा नव्हे.

किनवटकडच्या एका तांड्यावर एका वृद्ध बाईच्या घरीं आम्ही एकदां जुनी पिशवी पाहिली. कवड्या, आरसे आणि इतके बारीक टांके कीं मूळ कापड शोधावें लागे. आम्ही नक्षीची स्तुति केली. बाईनें ती उलटी करून आंतली शिवण दाखविली. "वरचं समदेच बघतात," ती म्हणाली, "वझं आतल्या टाक्यावर असतं." शहरांतून येणारे लोक अशा पिशव्या भिंतीवर टांगण्यासाठीं घेऊन जातात. भिंतीवर आंतला टांका कोणाला दिसणार?

आतां आमच्या स्नेह्यांस उत्तर द्यावयास आम्ही कांहींसे पात्र झालों. दुसऱ्या खेपेस ते आले तेव्हां आम्ही त्यांस सांगितलें तें असें. प्रथम आपली पाठ मोजा. मान खालीं घातली असतां मानेशीं जो मणका उंच लागतो, तेथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचें अंतर हें पिशवीचें खरें माप. तुमची उंची नव्हे. कमरेचा पट्टा रुंद आणि भरींव पाहा, कारण वजनाचा मोठा वांटा तेथें बसावयाचा आहे. खांद्याच्या पट्ट्यांनीं केवळ पिशवी पाठीशीं धरून ठेवावयाची. दुकानांत रिकामी पिशवी अडकवून आरशांत पाहूं नका, तर आंत दहा-बारा किलो वजन घालून अर्धा तास हिंडा. जड वस्तु पाठीच्या जवळ आणि मध्यावर ठेवा, दोन्ही बाजू तोलून भरा. कापड नायलॉनचें घेतां तर त्याच्या धाग्याची जाडी डेनियरमध्यें सांगतात. नऊ हजार मीटर धाग्याचें जितके ग्रॅम वजन तितके डेनियर. कांट्याकुट्यांतून जावयाचें तर पांचशेंच्या खालीं उतरूं नका. पण जाड कापड कित्येकदां फांदीला घासून वाजतें, म्हणून नखानें ओरबाडून आवाज ऐका. पारध्याला जो नीरवपणा हवा होता, तो कॅमेरेवाल्यासही हवा. शेवटीं आंतली शिवण उलटून पाहा. पट्टा जेथें जोडला आहे तेथें टांके दुहेरी-तिहेरी आहेत कीं नाहींत, तें बोटानें चांचपा. आणि भरलेलें ओझें आपल्या वजनाच्या पंचमांशाहून फारसें वाढूं देऊं नका.

"एवढें सारें एका पिशवीसाठीं?" ते हंसून म्हणाले.

"एका नव्हे," आम्ही म्हणालों. "तुमच्याबरोबर तांड्यावरचा जो गडी येतो, तो तंबू कशांत बांधून नेतो?"

ते क्षणभर थांबले. "पोत्यांत," ते म्हणाले. "दोरी लावतो खांद्याला." आणि मग हळूच, "त्याचा दर आम्ही चांगला देतों, काका."

दर चांगलाच देत असतील. ते भले गृहस्थ आहेत. आम्हीही कांहीं थोर नव्हे. आपल्या नातवंडांच्या दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आंत असावें असा राज्य सरकारचा निर्णय २०१५ सालीं झाला, तेव्हां आम्ही घरांत तराजू आणून दप्तर तोललें होतें. लातुरांत शिकणाऱ्या मुलांच्या पाठींची काळजी करणारे लेख आम्ही आवडीनें वाचतों. त्याच लातूर-नांदेडच्या तांड्यांवरून दरवर्षीं दिवाळी सरतां सरतां कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात, आणि तेथें फळीवरून गाडींत चढतांना बाईच्या डोक्यावर उसाची मोळी असते व मोळीखालीं तीच चुंबळ. ती मोळी तोलण्यासाठीं तराजू आणावा, असें आम्हांस कधीं सुचलें नाहीं.

महिन्याभरानें आमच्या स्नेह्यांचें माहूरहून पत्र आलें. पाणवठ्यावर अस्वल दिसल्याचें वर्णन त्यांत पुष्कळ होतें. शेवटीं दोन ओळी अशा होत्या कीं, दोन सारख्या पिशव्या घेतल्या. गड्याची पाठ आमच्याहून दोन बोटें लांब निघाली, त्यामुळें त्याच्यासाठीं निराळें माप घ्यावें लागलें.